हत्तीच्या पायातली सुई

माझी मावशी हत्ती विणते. सतरा वर्षं झाली, हत्तीच विणते. मध्ये एकदा तिला काम देणाऱ्या बाईंनी तिला पाणघोडा करून बघायला सांगितला होता. तिने केला, पण सोंड नसल्यामुळे तो तिला अर्धवट वाटत राहिला, आणि शेवटी कुणाला न विचारता तिने तो उसवून टाकला.

छापखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तिथे नऊ जणी बसून लोकरीचे प्राणी करतात. विणायचं, कापूस भरायचा, शिवायचं, काळ्या दोऱ्याने डोळे भरायचे. प्रत्येकीचा प्राणी ठरलेला, त्यामुळे तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. खिडकीजवळ हत्ती बसते, तिच्या शेजारी जिराफ, समोर ससेवाली आजी, पलीकडे अस्वल. "जिराफला उशीर होईल, तिच्या नवऱ्याचं औषध संपलंय," असा फोनवर निरोप येतो आणि खोलीतलं कुणी हसत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते, आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. घरी मात्र काका सोडत नाहीत. मावशीने बेल वाजवली की आतूनच म्हणतात, "दार रुंद करू का?"

मी मावशीकडे राहते, चार वर्षं झाली. वजनकाटे तपासणं हे माझं काम. दुकानांतले, दवाखान्यांतले काटे खरं बोलतात का, हे प्रमाणित वजनं ठेवून बघायचं. मावशीला माझं काम फारसं पटत नाही. काट्यावर विश्वास नसेल तर काटा ठेवायचाच कशाला, असं तिचं म्हणणं.

हत्ती पायापासून सुरू होतो. तळव्यासाठी नऊ टाके घ्यायचे, पुढच्या ओळीत एकेका टाक्याचे दोन करायचे, अठरा होतात, मग सरळ वर विणत जायचं. अंगाला एक ओळ सुलट, एक ओळ उलट. कान दोन्ही बाजूंनी सुलट, म्हणजे ते गुंडाळले जात नाहीत. सोंडेला वळण हवं, म्हणून मधल्या काही ओळी अर्ध्यावर थांबवून परत फिरायचं. एक बाजू जास्त विणली जाते आणि सोंड आपोआप वळते. कापूस अंगात सैल भरायचा आणि पायात ठासून. पाय मऊ राहिले तर हत्ती उभा राहत नाही. "उभा न राहणारा हत्ती म्हणजे उशी," मावशी म्हणते.

विणायच्या जाड सुयांचं कुणाला काही वाटत नाही, त्या हरवूनही हरवत नाहीत. भीती असते ती शिवायच्या सुयांची. त्या लांब आणि टोकदार, आणि प्राणी जाणार लहान मुलांच्या अंथरुणात. म्हणून बाईंनी पहिल्या दिवसापासून एक रीत घालून दिलेली आहे. प्रत्येकीला एकाच पाकिटातल्या सात सुया, प्रत्येक रंगाच्या दोऱ्याला एक, म्हणजे सारखं ओवत बसायला नको. त्या खोचायला बुचाचा एक चौकोनी तुकडा. संध्याकाळी साडेपाचला प्रत्येकीने आपापल्या सुया मोजायच्या आणि आकडा मोठ्याने सांगायचा. सात. सात. सात. नऊ वेळा सात झाले की बाई दाराची कडी काढणार. एकीची जरी कमी भरली तरी नऊही जणी खाली बसून फरशी चाचपणार, सुई सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

वसंताच्या सुरुवातीला बाईंकडे एक पार्सल आलं. आत मावशीचा एक राखाडी हत्ती, त्याचा मागचा उजवा पाय कापलेला, आणि एका लहान डबीत सुई. सोबतच्या चिठ्ठीत एका मुलीच्या वडिलांनी लिहिलं होतं की हत्ती हातात घेऊन दाबताना त्यांच्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. मुलीला काही झालेलं नाही. त्यांनी रागाचा एकही शब्द लिहिला नव्हता. बाई म्हणाल्या, चार शिव्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाईंनी सगळ्यांना कामं थांबवायला सांगितली, नऊही जणींचे बुचाचे तुकडे टेबलावर मागवले आणि स्वतः मोजलं. त्रेसष्ट. नऊ गुणिले सात, एकही कमी नाही. आणि चौसष्टावी डबीत.

"ही आपली नाहीच," अस्वल म्हणाली. "त्यांच्याच घरातली पडली असेल."

"त्यांच्या घरातली सुई चालत चालत पायात शिरली का?" ससेवाली आजीने विचारलं.

बाईंनी डबीतली सुई पाकिटातल्या एका नव्या सुईला लावून पाहिली. लांबी तीच, जाडी तीच. सुई आपलीच होती, आणि आपल्याकडून एकही गेलेली नव्हती. मग मावशीकडे बघून म्हणाल्या, "हत्ती तुमचा आहे. मी आरोप करत नाही. पण हे कसं झालं ते मला कळेपर्यंत तुम्ही शिवू नका. विणा फक्त. शिवायचं नाही."

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना यात फार काही वाटणार नाही. पण विणलेले तुकडे म्हणजे तुकडेच असतात. पिशवीत टाकले तर मोजे वाटावेत. हत्तीला चेहरा येतो तो शिवताना. कान कुठे लावायचा, डोळा सोंडेपासून किती लांब, यावर तो हसरा की रुसलेला हे ठरतं. शिवणं काढून घेतलं म्हणजे मावशीकडून हत्तीच काढून घेतला. तिला दुसरं काही करायचं नव्हतं, आणि साठीला आलेल्या बाईला नवा प्राणी कोण शिकवणार होतं.

घरी येऊन ती याबद्दल काहीच बोलली नाही. मला कळलं ते तीन दिवसांनी, तिच्या मोजण्यावरून. ती स्वयंपाकघरात चमचे मोजत होती. मोजून झाले की परत मोजत होती, आणि मग तिसऱ्यांदा.

"किती आहेत?" मी विचारलं.

"अकरा. पण तू मोज."

मी मोजले. "अकरा."

"नक्की?"

"मावशी, काय झालंय?"

तिने आधी गॅस बंद केला, मग स्टुलावर बसली. म्हणाली, "काकांना सांगू नकोस. माझं डोकं चालेनासं झालंय."

मग तिने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी सगळ्या आकडे सांगत होत्या. तिची पाळी आली. तिने मोजलं आणि म्हणाली, "सहा." सगळ्यांनी उसासे टाकले, कारण आता फरशी चाचपावी लागणार. जिराफ तिच्या बुचावर वाकून म्हणाली, "अगं, चष्मा तर लाव आधी." चष्मा मागच्या पिशवीत होता. मावशीने वळून तो काढला, लावला, परत मोजलं. सात. सगळ्या हसल्या. ससेवाली आजी म्हणाली, हत्तीचे डोळे तसेही लहानच असतात. बाईंनी कडी काढली, सगळ्या घरी गेल्या.

"मी सहा मोजल्या होत्या," मावशी म्हणाली. "डोळ्यांनी नाही, बोटांनी. टाके मोजते तसं. दोन, चार, सहा, आणि मग बोट रिकाम्या जागी गेलं. ती रिकामी जागा मला अजून आठवते. आणि मग चष्मा लावला तर तिथे सुई. तेव्हापासून माझा कशावर विश्वास नाही. ओळ विणते, मोजते, उसवते, परत मोजते. आधी आठवड्याला पाच हत्ती व्हायचे, आता तीन होतात. आणि आता हे."

"डॉक्टरकडे जाऊया का?"

तिने पर्स उघडून एक चिठ्ठी दाखवली. डोक्याच्या डॉक्टरांचा पत्ता. घडीवर घडी पडून अक्षरं पुसट झाली होती. दोन महिने ती तो पर्समध्ये घेऊन फिरत होती.

मी तिला समजावत राहिले की एकदा चुकणं म्हणजे काही नाही, माझ्याही नोंदी चुकतात. ते खोटं होतं, आणि तिला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी ती बाईंना विचारून आपला बुचाचा तुकडा घरी घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला. "तू मोज. तुझं कामच ते आहे."

"सात," मी म्हणाले.

"नीट मोज."

नीट मोजायचं म्हणजे काय करायचं हे मला कळेना. सात म्हणजे सात. पण ती समोर बसून राहिली होती, म्हणून मी माझी पिशवी आणली, त्यातला मोजमापाचा चिमटा काढला आणि एकेक सुई उपसून मोजायला लागले. खरं तर तिचं मन राखायला. पहिली बासष्ट मिलिमीटर. दुसरी बासष्ट. तिसरी बासष्ट. चौथी साठ.

चौथी मी परत मोजली. साठ. भिंगातून पाहिलं तर तिचं नेढंही वेगळं होतं, इतरांच्या नेढ्याहून लांबट. पाचवी आणि सहावी बासष्ट. सातवी परत साठ, लांबट नेढ्याची.

"यातल्या दोन तुमच्या पाकिटातल्या नाहीत," मी म्हणाले.

मावशीने दोन्ही सुया तळहातावर घेतल्या, खिडकीशी नेल्या, परत आणल्या. "म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या पाचच आहेत. दोन गेल्या, आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच दोन आल्या."

"आल्या म्हणजे कशा आल्या?"

"ते मला कसं माहीत?"

काका वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "सुयांना पिल्लं होतात का?" त्या संध्याकाळी आम्ही तिघं त्या सात सुयांभोवती बसून होतो आणि जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता. एक सुई हत्तीच्या पायात सापडली, ठीक. मग दुसरी कुठे आहे? आणि ज्याने कुणी या दोन ठेवल्या, त्याने चोरी केली म्हणायचं की भर घातली? मावशीचा आकडा चुकला होता की बरोबर होता? मी आयुष्यभर हेच शिकले की आकडा जुळला की गोष्ट संपते. इथे आकडा जुळला होता आणि तिथूनच सगळं सुरू झालं होतं.

शनिवारी मला सुट्टी होती. मावशीबरोबर मीही गेले. बाईंचा कापूस तोलायचा काटा बघून देते म्हणाले, निमित्त म्हणून. चहाच्या वेळी मावशी आणि जिराफ नेहमीप्रमाणे जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या. खालून छापखान्याची धडधड येत होती. मी त्यांच्या वरच्या पायरीवर होते. मावशीने हातरुमालाची गाठ सोडून त्या दोन सुया काढल्या.

"या कुणाच्या असतील गं? हिने शोधून काढल्या. माझ्या बुचात होत्या."

जिराफने सुयांकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. ती मावशीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ, कुणाची भीड न ठेवणारी.

"माझ्या," ती म्हणाली. "घरच्या."

"तुझ्या घरच्या सुया माझ्या बुचात कशा?"

"मी खोचल्या."

मावशीने दोन्ही सुया पायरीवर ठेवल्या.

"पावणेसहाची बस चुकली की पुढची पावणेआठला," जिराफ म्हणाली. "यांना बघायला जी बाई येते ती साडेसहाला निघते. एक मिनिट थांबत नाही. मागे एकदा इथे सुई शोधत बसलो होतो ना, अस्वलची, तेव्हा मी साडेआठला पोचले. हे पलंगावरून खाली पडलेले होते. दोन तास तसेच. पक्षाघात झालेल्या माणसाला हाक मारता येते, पण ती कुणाला कळत नाही." तिने कप उचलला, परत ठेवला. "त्या दिवशी तू सहा म्हणालीस. माझ्या पर्समध्ये घरची सुई होती. तू चष्मा काढायला वळलीस, मी खोचली. इथेच कुठेतरी पडली असेल, उद्या झाडताना सापडेल, असं वाटलं."

"म्हणजे सहाच होत्या?" मावशीने विचारलं.

"सहाच होत्या."

"मी बरोबर मोजल्या होत्या?"

"हो म्हणते ना."

"सहा होत्या," मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, जणू मी ते ऐकलंच नव्हतं. मग तिने भिंतीला डोकं टेकलं. मला वाटलं आता ती रडेल किंवा जिराफला काहीतरी लागेलसं बोलेल. मी तर बोलणारच होते. दोन महिने माझी मावशी चमचे मोजत होती आणि ही शेजारी बसून जिराफ विणत होती. पण मावशीच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते हसूच होतं, आणि मला त्याचा अर्थ लागेना.

"बस मिळाली होती का त्या दिवशी?" तिने विचारलं.

"मिळाली."

"बरं झालं." मग जरा वेळाने, "आणि दुसरी?"

"पंधरा दिवसांनी. तुझ्या बुचात पुन्हा एक जागा रिकामी दिसली. तेव्हा मोजायच्या आधीच खोचली. पुन्हा तुझ्यावर हसायला नको म्हणून." जिराफचा आवाज खाली गेला. "शपथेवर सांगते, चांगलंच वाटत होतं मला. त्या दिवशी हसल्या सगळ्या, तू कशी झाली होतीस ते मी बघितलं होतं."

हे ऐकल्यावर मावशीचं हसू गेलं. पहिल्यांदा तिने बरोबर मोजलं होतं हे खरं. पण दोन सुया तिच्या हातून हत्तीत गेल्या हेही खरं, आणि दुसरी गेलेली तिला कळलीही नव्हती. त्या कशा जातात हे तिने तिथेच सांगितलं. चारी पाय लावून झाले की कानाकडे वळायचं. त्या वेळी हातातली सुई कुठे ठेवायची, तर हत्तीच्या पायातच खोचायची. पाय ठासून भरलेला असतो, बुचासारखा घट्ट. सतरा वर्षं ती हेच करत होती. बाहेर लोंबणारा दोरा बघून सुई परत काढायची.

"दोरा बदललाय तुमचा," मी म्हणाले. "हा नवा गुळगुळीत आहे, नेढ्यातून निसटतो. दोरा निसटला, वरून दाब पडला, की सुई आत."

"दोऱ्यावर ढकलू नकोस," मावशी म्हणाली. "पायात सुई खोचली कुणी? दोऱ्याने?" ती उठली, कपडे झटकले. "चल," ती जिराफला म्हणाली. "बाईंना सांगायला हवं. दुसरी सुई कुठल्या तरी हत्तीत आहे, आणि तो हत्ती कुठल्या तरी मुलाकडे असेल."

"मला काढून टाकतील."

"टाकतील किंवा नाही टाकणार. तू सांगतेस की मी सांगू?"

जिराफने स्वतः सांगितलं. नऊही जणींसमोर, टेबलाची कड बोटांनी घट्ट धरून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "बसचं मला का नाही सांगितलंस?"

"मला लवकर सोडलं असतं तर सगळ्यांनीच मागितलं असतं."

"मी मागितलं असतं," ससेवाली आजी म्हणाली.

तरी बाईंनी तिला रोज पाचला सोडायचं ठरवलं. मग वही काढली आणि त्या दोन महिन्यांत किती हत्ती झाले ते पाहिलं. कपाटात एकोणीस, शहरातल्या दुकानात नऊ, विकले गेलेले दोन. त्यातला एक पार्सलने परत आलेला. दुसरा नेणाऱ्याचा पत्ता दुकानात होता. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला: नऊच्या नऊ परत पाठवा, आणि त्या घरी आज, आत्ता कळवा की हत्ती बाजूला ठेवा. मी घरून जाडसा चुंबक आणला होता, तो दाखवला. बाईंनी एका पायात मुद्दाम सुई घालून बघितली. वरवर असली तर चुंबक ओढत होता, आत खोल आडवी असली तर हाताला काही जाणवत नव्हतं. "उघडूनच बघायचे," त्या म्हणाल्या.

सोमवारपासून मावशीने आपलेच हत्ती उसवायला घेतले. शिवण पायाच्या आतल्या बाजूने कापायची, कापूस चिमटीने ओढायचा, बोटांनी फोडून बघायचा, परत भरायचा. एकोणीस हत्ती म्हणजे शहात्तर पाय. पहिल्या दिवशी अस्वल मदतीला बसली. दुसऱ्या दिवशी जिराफ आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, बस म्हणूनही कुणी सांगितलं नाही. तिने समोरच्या ढिगातला एक हत्ती ओढला आणि कातर चालवली.

"तसं नाही," मावशी म्हणाली. "दुमडीत काप, नाहीतर परत शिवताना दिसेल."

एवढंच. तो सगळा दिवस त्या दोघी समोरासमोर बसून पाय उघडत होत्या. मी संध्याकाळी मावशीला विचारलं, "तू रागावली आहेस की नाही?"

"कुणावर?"

"जिराफवर."

"मला कळत नाहीये," ती म्हणाली. "तिने दुसरी खोचली ती माझ्यावर कुणी हसू नये म्हणून, असं म्हणते. आणि पहिल्या सुईमुळे मला वेड लागायची वेळ आली. मी तिला काय म्हणू? थँक यू म्हणू की थोबाडीत देऊ?"

काकांनी सुचवलं की आधी एक द्यावं आणि मग दुसरं, म्हणजे हिशेब राहणार नाही.

कपाटातल्या एकोणीस हत्तींत काही सापडलं नाही. विकला गेलेला हत्ती बुधवारी आला, त्यातही नाही. दुकानातले नऊ गुरुवारी आले, तेव्हा मीही कामावरून तिकडेच गेले. सातव्याच्या पुढच्या डाव्या पायात, अगदी मधोमध, कापसाच्या गोळ्यात आडवी ती सुई होती. मावशीला ती बोटांना आधी लागली. तिने डोळे मिटून ती ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. खोलीतल्या विणायच्या सुया एकेक करत थांबल्या. मी चिमट्याने मोजली. बासष्ट.

बाई आपल्या खुर्चीवरून उठून आल्या. सुई उचलली, खिशात ठेवली. "हे एक संपलं," त्या म्हणाल्या. "आता सोमवारपासून हत्ती कोणी शिवायचे?"

मावशी समोरच्या उघड्या पायाकडे बघत होती.

"तुम्ही सांगा," बाई तिला म्हणाल्या. "मला खरंच ठरवता येत नाहीये. तुमच्यासारखा हत्ती कुणाला जमत नाही. पण दोन सुया गेल्या."

"दोन गेल्या," मावशी म्हणाली. "पायात खोचायची सवय माझी, ती आजपासून बंद. ते माझं चुकलं. पण मला छळतंय ते दुसरंच. मी सहा मोजल्या होत्या. माझ्या बोटाला रिकामी जागा लागली होती. आणि दुसऱ्या कुणी परत मोज म्हटलं, समोर सात दिसल्या, की मी सात धरल्या. ठरलेल्या सातांवर विश्वास ठेवला, स्वतःच्या सहांवर नाही. त्या दिवशी मी थांबले असते तर तो हत्ती खोलीबाहेर गेलाच नसता."

"मग?"

"मी शिवते. पण माझी एक अट आहे. मी जो आकडा सांगेन तो धरायचा. परत मोज म्हणायचं नाही, चष्मा लाव म्हणायचं नाही, हसायचं नाही. सहा म्हटलं तर सहा."

"आणि सहा म्हणालीस तर?" ससेवाली आजीने विचारलं.

"तर सगळ्या खाली बसा आणि शोधा."

बाईंनी जिराफकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. जिराफ म्हणाली, "बघताय काय? मला पाचला सोडायचं ठरलंय ना. मी आधी मोजून जाणार." मग मावशीकडे न बघता, "पण सहा म्हणालीस तर मीही थांबेन. यांना बघणाऱ्या बाईला फोन करेन. अर्ध्या तासाचे जास्त मागेल, मागू दे."

"तू थांबून काय दिवे लावणार आहेस," मावशी म्हणाली. "तू जा. नवरा पडेल तुझा."

"म्हणजे मला विश्वासात घ्यायचंच नाही."

"घेतलंय की. पाय उघडायला बसवलंय ना समोर."

बाई म्हणाल्या, "ठीक आहे. धरू तुमचा आकडा." त्यांच्या आवाजावरून त्यांची खात्री पटली होती असं मला वाटलं नाही. त्या जागेवर गेल्या, परत आल्या, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि तशाच परत गेल्या.

मावशीने उघडा पाय जवळ ओढला. दोन हत्ती अजून उघडायचे राहिले होते. सुई सापडली म्हणून ते तसेच सोडायचे नव्हते. जिराफने त्यातला एक घेतला. कापूस ठासून भरता भरता मावशीने विचारलं, "घरी त्यांना आता हाताने जेवता येतं का?"

"डाव्या हाताने. सांडतात."

"सांडू दे."

"सांडू दे काय, पुसायला मी आहे ना." जिराफने कातर लावली. "दुमडीत कापतेय, बघ. बरोबर आहे?"

मावशी वाकून बघू लागली, आणि मग म्हणाली, "मला इथून दिसत नाही, तूच ठरव."